युद्धकाळात दिलेलं मत आणि पुढे द्यावं लागलेलं उत्तर: लिंकन (१८५८) आणि केरी (२००४)

म्हादईकाठ

निवडणूक जवळ आली की "अमक्याने तमक्या विधेयकाला विरोध केला होता" अशी चित्रं मोबाइलवर फिरू लागतात. त्यात युद्धाचा विषय असला तर आरोप जास्तच बोचतो, कारण "जवानांना लागणाऱ्या पैशाला याने विरोध केला" एवढं एक वाक्य लोकांना पुरतं. अशा आरोपाला पुढारी काय उत्तर देतो आणि ते उत्तर आपण कसं तपासायचं, यावर इथे बोलूया. दोन नमुने अमेरिकेतले घेतो, कारण तिथे सभासदाचं मत नावानिशी छापलं जातं.

पहिला नमुना अब्राहम लिंकनचा. १८५८ साली तो इलिनॉयमधून सिनेटसाठी उभा होता, समोर स्टीफन डग्लस. जून महिन्यात शिकागोच्या डग्लसवादी वृत्तपत्राने छापलं की मेक्सिको युद्धात लिंकनने सैनिकांच्या रसदीविरुद्ध मत दिलं होतं. २५ जून १८५८ रोजी लिंकनने जोसेफ मेडिल या संपादकाला पत्र लिहिलं. या प्रकारच्या उत्तराचा त्याहून चांगला नमुना माझ्या वाचनात नाही. आपण किती देशभक्त आहोत यावर त्यात फारसं काही नाही. आहेत त्या तारखा, रकमा आणि पानांचे आकडे.

तो सांगतो: मी निवडून आलो ऑगस्ट १८४६ मध्ये, पण सभागृहात बसलो ६ डिसेंबर १८४७ रोजी. तोवर सगळ्या लढाया होऊन गेल्या होत्या. माझ्या आधी त्याच मतदारसंघातून ई. डी. बेकर होते. ते स्वतः मेक्सिकोला गेले, त्यांनी राजीनामा दिला आणि रिकाम्या जागेवर जॉन हेन्री आले. २३ फेब्रुवारी १८४७ रोजी रसदीचं एक विधेयक मंजूर झालं. त्याविरुद्ध मत हेन्रींचं आहे आणि ते कार्यवृत्ताच्या ४०६–७ पानांवर सापडेल. तो कायदा अधिनियमसंग्रहाच्या नवव्या खंडात पान १४९ वर आहे. म्हणजे मत कुणाचं आणि चिकटवलं कुणाला, याचा उलगडा झाला.

मग तो स्वतःची मतं मांडतो. १७ फेब्रुवारी १८४८: १ कोटी ८५ लाख डॉलर कर्ज उभारण्याचं विधेयक, बाजूने मत, कार्यवृत्त पान ४२६–४२७. कायदा होताना ती रक्कम १ कोटी ६० लाखांवर आली, हेही तो सांगून टाकतो. ८ मार्च १८४८: आणखी एक विधेयक, बाजूने मत, पान ५२०–५२१, त्याच्या शेवटच्या कलमात स्वयंसैनिकांच्या कपड्यांसाठी ८ लाख डॉलर आहेत.

ज्याला खोटं पाडायचं असेल त्याने ग्रंथालयात जावं आणि पान उघडावं. त्या काळची कार्यवृत्तं अमेरिकन काँग्रेसच्या ग्रंथालयाने ऑनलाइन ठेवली आहेत, त्यामुळे आज पणजीत बसूनसुद्धा ती चाळता येतात.

फोंडेकार

उत्तम विषय, म्हादईकाठबाब. एक तपशील जोडतो, नाहीतर लिंकनच्या भूमिकेचा कणा दिसत नाही. "युद्ध सुरू करणं चूक" आणि "सैनिकांना रसद द्यायची" हे दोन प्रश्न वेगळे आहेत, असं तो सतत म्हणतो. पण सभागृहात ते दोन प्रश्न मुद्दाम एकत्र बांधले गेले होते.

११ मे १८४६ ला राष्ट्राध्यक्ष पोक यांचा संदेश आला. ५० हजार स्वयंसैनिक आणि १ कोटी डॉलर यांचं विधेयक तयार होतं. त्याला एक प्रस्तावना जोडली गेली: मेक्सिकोच्या कृत्यामुळे युद्धस्थिती निर्माण झाली आहे. आता ज्याला हे वाक्य खोटं वाटत होतं त्याने काय करावं? विरोधात मत दिलं तर सीमेवरच्या फौजेची रसद तोडल्यासारखं दिसणार. बाजूने दिलं तर पोक यांच्या कथनावर सही केल्यासारखं होणार. निकाल १७४ विरुद्ध १४. त्या चौदांत माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी अॅडम्स होते. सिनेटमध्ये ४० विरुद्ध २.

एका कागदावर दोन प्रश्न ठेवायचे आणि मत एकच मागायचं, ही युक्ती तेव्हापासून आजतागायत चालू आहे. म्हणून जुनं मत तपासताना विधेयकाचं नाव वाचून थांबू नये. प्रस्तावना, कलमं आणि शेवटी जोडलेलं परिशिष्ट वाचावं. युद्धाच्या विधेयकात बऱ्याचदा भलतंच काहीतरी शेवटच्या पानांत असतं.

मडगांवची वाचक

लिंकनचं पत्र चोख आहे, मान्य. पण त्याने दुसरं एक मत दिलं होतं, ते या धाग्यात अजून आलेलं नाही. ३ जानेवारी १८४८ रोजी जनरल टेलरच्या अभिनंदनाचा ठराव होता. त्याला अॅश्मन यांनी उपसूचना जोडली: हे युद्ध राष्ट्राध्यक्षांनी विनाकारण आणि घटनाबाह्य रीतीने सुरू केलं. ती ८५ विरुद्ध ८१ अशी मंजूर झाली आणि लिंकनचं मत बाजूने होतं. त्याच्या आधी, २२ डिसेंबर १८४७ ला, पहिलं रक्त नेमकं कोणत्या जागी सांडलं ते सांगा, अशी मागणी करणारे आठ ठराव त्याने मांडले होते. सेना परमुलखात असताना "आपलंच सरकार खोटं बोलतंय" असं अधिकृतपणे म्हणणं सैनिकांच्या घरच्यांना झोंबणारच. "पैसे तर दिले ना" एवढ्याने ते भरून येतं का?

डग्लसचा खरा वार तिथे होता. २१ ऑगस्ट १८५८ च्या, इलिनॉयमधल्या ओटावाच्या वादसभेत तो म्हणाला की लिंकनने देशाविरुद्ध शत्रूची बाजू घेतली.

म्हादईकाठ

बरोबर, आणि म्हणूनच त्याचं तिथलं उत्तर लक्षात घेण्यासारखं आहे. त्याने अॅश्मनचं मत नाकारलं नाही. आशय असा: युद्ध न्यायाने सुरू झालं असं मत माझ्याकडून मागितलं, तेव्हा मी दिलं नाही, पण सैनिकांसाठी पैसे किंवा जमिनीच्या सनदा मागितल्या, तेव्हा डग्लस यांनी जे मत दिलं तेच मीही दिलं. अर्धा आरोप कबूल, अर्धा खोडलेला, आणि दोन्हींच्या मधली रेघ स्पष्ट.

पुढे १८ सप्टेंबरला चार्ल्सटनच्या सभेत, शेवटच्या अर्ध्या तासाच्या उत्तरात, त्याने ऑर्लँडो फिक्लिन यांना पुढे आणलं. फिक्लिन डग्लसच्या पक्षाचे, पण मेक्सिको युद्धाच्या काळात काँग्रेसमध्ये लिंकनसोबत बसलेले. साक्षीदार समोरच्या गोटातला निवडला! फिक्लिन यांनी एवढंच सांगितलं की अॅश्मन यांच्या ठरावाच्या बाजूने लिंकनने मत दिलं होतं. लिंकन म्हणाला, ते खरं आहे. रसदीची मतं मात्र मी दिली.

तुमचा मुद्दा खोटा नाही. त्याच्या पक्षाला १८४८ मध्ये त्या मतदारसंघात फटका बसला. लोगन उभे राहिले आणि मेक्सिकोहून परतलेल्या उमेदवाराकडून थोडक्या मतांनी हरले. लोकांनी लिंकनचा फरक तेव्हा मानला नाही. पण दहा वर्षांनी उत्तर देताना त्याला एक शब्दही फिरवावा लागला नाही, कारण दोन प्रश्न त्याने सुरुवातीपासून वेगळे ठेवले होते.

वाळपईकार

आता जॉन केरींची बाजू, म्हणजे २००४ मध्ये बुश यांच्याविरुद्ध राष्ट्राध्यक्षपदाला उभे राहिलेले सिनेटर. लोक त्यांचं एक वाक्य घेऊन हसतात आणि त्यामागची प्रक्रिया कुणी वाचत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

सप्टेंबर २००३ मध्ये बुश सरकारने इराक आणि अफगाणिस्तानसाठी ८७ अब्ज डॉलर मागितले. सिनेटमध्ये बायडन आणि केरी यांनी उपसूचना दिली: ही रक्कम कर्जातून उभी करू नका, सर्वांत वरच्या उत्पन्नगटाला दिलेली करकपात काही अंशी मागे घ्या आणि त्यातून भरा. २ ऑक्टोबर २००३ ला ती ५७ विरुद्ध ४२ मतांनी बाजूला पडली.

इथे पहिला खड्डा आहे. सिनेटमध्ये त्या दिवशी उपसूचनेवर मत झालंच नाही. मत झालं ते "ही उपसूचना बाजूला ठेवा" या प्रस्तावावर. तिथे "हो" म्हणजे उपसूचना मारा आणि "नाही" म्हणजे ती जिवंत ठेवा. केरींनी "८७ अब्जांच्या बाजूने मत दिलं" असं म्हटलं ते याच मताबद्दल, आणि कागदावर ते मत "नाही" असं छापलेलं आहे. यादी घाईने वाचणारा इथेच उलटा अर्थ काढतो.

दुसरा खड्डा १७ ऑक्टोबरचा. संपूर्ण विधेयक सिनेटमध्ये ८७ विरुद्ध १२ असं मंजूर झालं. केरी त्या बारांत होते. (८७ मतं आणि ८७ अब्ज हा निव्वळ योगायोग आहे, दोन आकडे एकमेकांत मिसळलेले मजकूर फिरतात, ते तपासूनच पुढे पाठवावेत.) बायडन यांनी मात्र उपसूचना पडल्यावरही अंतिम विधेयकाच्या बाजूने मत दिलं. म्हणजे एकाच उपसूचनेचे दोन जनक शेवटी वेगवेगळ्या रांगेत उभे राहिले.

तिसरा खड्डा कुणाच्या ध्यानातच येत नाही. दोन्ही सभागृहांचा एकत्रित मसुदा सिनेटमध्ये ३ नोव्हेंबर २००३ ला आवाजी मतदानाने मंजूर झाला. कायदा झाला तो या मसुद्याचा, आणि त्या क्षणी कोण काय बोललं याची नाववार यादीच नाही.

१६ मार्च २००४ ला वेस्ट व्हर्जिनियातल्या हंटिंग्टनमध्ये मार्शल विद्यापीठात केरी म्हणाले, "८७ अब्जांच्या विरोधात मत देण्याआधी मी खरोखर त्यांच्या बाजूने मत दिलं होतं." बुश यांच्या प्रचाराने ते वाक्य उचललं आणि नोव्हेंबरपर्यंत सोडलं नाही. निकाल निर्वाचकांच्या मतांत २८६ विरुद्ध २५१, बुश जिंकले.

काणकोणकार

पण वाळपईकारबाब, वस्तुस्थिती म्हणून ते वाक्य खरंच होतं ना? मग बिघडलं काय?

वाळपईकार

बिघडलं ते व्याकरणातलं कर्म. वाक्यात क्रियापद दोनदा आलं आणि कशाला मत दिलं ते नाव दोन्हीकडे एकच राहिलं, "८७ अब्ज". प्रत्यक्षात दोन वेगळे प्रश्न होते: वरच्या करदात्यांकडून वसूल करून ८७ अब्ज, आणि कर्ज काढून ८७ अब्ज. दोन्हींना एकच नाव दिलं की माणूस डळमळीत वाटणारच. लिंकनने उलटं केलं. त्याच्या वाक्यात "युद्ध न्याय्य ठरवणं" आणि "सैनिकांचे पैसे" या दोन गोष्टींना दोन नावं आहेत.

केरींचं उत्तर साधारण असं हवं होतं: "सैनिकांना पैसे मिळावेत म्हणून २ ऑक्टोबरला मी मत दिलं आणि तो पैसा श्रीमंतांच्या करातून यावा अशी माझी अट होती. ५७ सिनेटरांनी ती अट पाडली. १७ ऑक्टोबरला मी उधारीच्या विधेयकाला नकार दिला. ते माझ्याविना मंजूर होणार हे मला माहीत होतं आणि तो नकार कशासाठी होता ते आजही सांगतो." चार वाक्यं, दोन तारखा. शेवटच्या वाक्यात थोडी जोखीम आहे, कारण "मंजूर होणारच होतं म्हणून विरोध केला" हे कुणाला पळवाट वाटेल. पण ते लपवलं तर कुणीतरी बाहेर काढतंच.

आणखी एक शस्त्र त्यांच्या हातात होतं. १६ ऑक्टोबरला सिनेटने ५१ विरुद्ध ४७ ने ठरवलं होतं की इराकच्या पुनर्बांधणीच्या पैशातले सुमारे १० अब्ज कर्जरूपाने द्यावेत. ही अट राहिली तर नकाराधिकार वापरू, असा इशारा व्हाइट हाऊसने दिला. म्हणजे सैनिकांच्या त्याच ८७ अब्जांना अडवायची तयारी सरकारनेही दाखवली होती, अट पटली नाही म्हणून. "अट पटली नाही म्हणून विरोध" हा गुन्हा असेल तर तो दोन्हीकडे लागू होतो. मूळ आरोप खोडायला हा मुद्दा सर्वांत धारदार होता.

मडगांवची वाचक

माझ्या मते केरींचं दुखणं ११ ऑक्टोबर २००२ मध्ये आहे. इराकवर बळ वापरायची परवानगी देणारा ठराव सिनेटमध्ये ७७ विरुद्ध २३ ने झाला, प्रतिनिधिगृहात आदल्या दिवशी २९६ विरुद्ध १३३ ने. केरी त्या ७७ मध्ये होते. युद्धाला परवानगी द्यायची आणि पैशाला नकार द्यायचा, हे लिंकनच्या अगदी उलट झालं. त्याने युद्ध चूक ठरवलं आणि पैसा दिला. लिंकनची जोडी लोकांना समजते. केरींची समजावून सांगायला अर्धा तास लागतो, आणि प्रचारात अर्धा तास कुणाकडे नसतो.

काणकोणकार

त्या ७७ मधल्या इतरांची उत्तरंही शेजारी ठेवून बघावीत.

जॉन एडवर्ड्स यांनी नोव्हेंबर २००५ मध्ये वृत्तपत्रात लेख लिहिला आणि सुरुवातच "मी चुकलो" अशी केली. त्यानंतर त्या मतावरून त्यांना कोंडीत पकडणं अवघड झालं.

हिलरी क्लिंटन यांनी बराच काळ सांगितलं की ते मत शस्त्रनिरीक्षकांना परत इराकमध्ये पाठवण्यासाठी दबाव म्हणून होतं. पण ठरावासोबत दोन उपसूचनाही मताला आल्या होत्या, त्या बघितल्याशिवाय हे उत्तर जोखता येत नाही. लेव्हिन यांची: संयुक्त राष्ट्रांनी परवानगी दिली तरच बळ वापरा, २४ विरुद्ध ७५ ने पडली. बर्ड यांची: परवानगीला एक वर्षाची मुदत घाला, ३१ विरुद्ध ६६ ने पडली. क्लिंटन यांनी बर्डना बाजूने आणि लेव्हिनना विरोधात मत दिलं. लेव्हिनमुळे अमेरिकेचा निर्णय सुरक्षा परिषदेच्या हाती जाईल, हा त्यांचा खुलासा होता. तो पटो न पटो, पण "निरीक्षकांसाठी दबाव" हे एकच वाक्य पुरेसं नव्हतं हे उघड होतं. २०१४ मध्ये त्यांनी लेखी मान्य केलं की ते मत चुकलं.

ओबामांची गोष्ट वेगळी. २ ऑक्टोबर २००२ ला शिकागोत त्यांनी युद्धाविरुद्ध भाषण केलं, पण ते तेव्हा इलिनॉय राज्याच्या सिनेटमध्ये होते. वॉशिंग्टनमध्ये त्यांच्यासमोर प्रश्न ठेवलाच गेला नव्हता. २००८ मध्ये ही त्यांची मोठी जमेची बाजू ठरली. सभागृहाबाहेरचं भाषण आणि सभागृहातलं मत एकाच तराजूत तोलणं मला पटत नाही. बाहेर बोलणाऱ्याला "मग पैसा द्यायचा की नाही" हा प्रश्न कुणी विचारत नाही.

बार्देसकार

एकट्या मतांचाही विचार व्हावा. अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात जेनेट रँकिन यांनी ६ एप्रिल १९१७ ला युद्धाविरुद्ध मत दिलं तेव्हा सोबत ४९ जण होते. ८ डिसेंबर १९४१ ला, पर्ल हार्बरच्या दुसऱ्या दिवशी, ३८८ विरुद्ध १, आणि तो एक म्हणजे त्याच. १४ सप्टेंबर २००१ ला, ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांनंतर बळ वापरायच्या परवानगीवर, ४२० विरुद्ध १, तो एक म्हणजे बार्बरा ली. व्हिएतनाम युद्धाला वाट करून देणाऱ्या टॉन्किनच्या ठरावावर १९६४ मध्ये प्रतिनिधिगृहात ४१६ विरुद्ध ०, सिनेटमध्ये ८८ विरुद्ध २: मॉर्स आणि ग्रूनिंग. दोघेही १९६८ मध्ये जागा गमावून बसले आणि ठराव १९७१ मध्ये रद्द झाला. त्यांच्या मताचं म्हणणं देशाला पटेपर्यंत ते सभागृहात नव्हते.

सासष्टीकार

हे सगळं ठीक, पण आमच्याकडे काय? आमच्या खासदारांनी युद्धाबद्दल काय मत दिलं ते कुठे बघायचं?

फोंडेकार

सासष्टीकारबाब, बहुतेक वेळा बघायला काही नसतं, आणि त्याची कारणं पक्की आहेत.

आपल्याकडे युद्ध पुकारायला संसदेचं मत लागत नाही, तो कार्यकारी निर्णय असतो. संसद हात घालते ती पैशात. पण संरक्षण खात्याच्या मागण्या पुष्कळदा चर्चेविना, शेवटच्या दिवशी बाकीच्या मागण्यांसोबत गिलोटिनखाली, म्हणजे चर्चेची वेळ संपली म्हणून, एकगठ्ठा मंजूर होतात. तिथे एकट्या सदस्याचं मत शोधायचं कुठे?

घटनेत युद्धाला चिकटलेलं खरंखुरं मत एकच आहे: कलम ३५२. युद्ध किंवा बाह्य आक्रमणामुळे आणीबाणी पुकारली तर दोन्ही सभागृहांची मंजुरी हवी. १९७८ च्या ४४ व्या दुरुस्तीनंतर ती एका महिन्यात हवी आणि विशेष बहुमताने हवी, म्हणजे एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त आणि हजर राहून मत देणाऱ्यांच्या दोन तृतीयांश. हे बहुमत आवाजावरून ठरवता येत नाही, मोजावंच लागतं. पण त्या दुरुस्तीनंतर ३५२ खाली घोषणा झालेलीच नाही.

उरतात ते ठराव, आणि ते एकमताने होतात. चीनच्या आक्रमणावरचा ठराव १४ नोव्हेंबर १९६२ रोजी लोकसभेने उभं राहून मंजूर केला. इराक युद्धावर ८ एप्रिल २००३ ला लोकसभेने ठराव केला, त्याची कथा तर शब्दाची आहे: हिंदी मसुद्यात "निंदा" आणि इंग्रजीत त्याहून सौम्य शब्द. "निंदा" हा शब्द सौम्य आणि कडक दोन्ही अर्थांनी चालतो, म्हणून सगळे पक्ष एका ओळीवर आले. एकमताच्या ठरावात नावं नसतात. त्यामुळे "मी विरोध केला होता" असं कुणी आज म्हटलं तर भाषणाचा उतारा मागावा, मताचा मिळणार नाही.

आणि कारगिलबद्दल कुणी "लोकसभेत यांनी असं मत दिलं" म्हणून काही पाठवलं तर ते सरळ खोटं आहे. बारावी लोकसभा २६ एप्रिल १९९९ ला विसर्जित झाली आणि तेरावी ऑक्टोबरमध्ये आली. मे ते जुलै या काळात लोकसभाच नव्हती. लिंकनने हेच केलं होतं: आधी तारीख, मग बाकीचं.

वाळपईकार

विभागणी, म्हणजे मोजून घेतलेलं मत, होते तेव्हा ती कशी होते तेही लिहितो, म्हणजे नोंद वाचता येईल. अध्यक्ष आधी आवाजावरून निकाल सांगतात. कुणी हरकत घेतली तर बाहेरचे कक्ष रिकामे करायला सांगतात आणि साडेतीन मिनिटं घंटा वाजते. मग दारं बंद. सदस्याच्या समोर बटणं असतात: हिरवं हो, लाल नाही, पिवळं तटस्थ. पाटीवर आकडा येतो तो दुरुस्तीच्या अधीन असतो, कारण कुणाचं बटण लागत नाही, कुणी चुकीचं दाबतं. त्यांना चिठ्ठी भरून देता येते. त्यामुळे संध्याकाळच्या बातमीतला आकडा आणि छापील कार्यवृत्तातला आकडा यांत दोन-चार मतांचा फरक पडू शकतो. छापील धरावा.

तटस्थ आणि गैरहजर यांची गल्लत करू नये. पिवळं बटण दाबणारा हजर असतो आणि त्याची नोंद होते. ज्याचं नावच यादीत नाही तो आजारी होता, दौऱ्यावर होता की मुद्दाम बाहेर थांबला, हे यादीवरून कळत नाही. ब्रिटनमध्ये तर पिवळं बटणच नाही. तटस्थपणा दाखवायचा असेल तर सदस्य "हो" आणि "नाही" अशा दोन्ही मतकक्षांतून चालत जातो आणि त्याचं नाव दोन्ही याद्यांत येतं. १८ मार्च २००३ ला तिथे इराकवर ४१२ विरुद्ध १४९ असं मत झालं.

मडगांवची वाचक

पक्षादेश (व्हिप) विसरू नका. १९८५ च्या ५२ व्या दुरुस्तीने दहावं परिशिष्ट आलं. परवानगीवाचून पक्षादेशाविरुद्ध मत दिलं किंवा तटस्थ राहिलं आणि पक्षाने १५ दिवसांत माफ केलं नाही, तर सदस्यत्व जाऊ शकतं. सर्वोच्च न्यायालयाने १९९२ मध्ये सुचवलं की असा आदेश विश्वास-अविश्वासाचे ठराव आणि पक्षाच्या मुख्य धोरणाचे प्रश्न यांपुरता असावा. पण पक्ष तो सर्रास काढतात.

त्यामुळे आपल्याकडच्या मतात सदस्याचं मन किती आणि आदेश किती हे वेगळं काढता येत नाही. गोव्यात त्याला आणखी एक पीळ आहे. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार भाजपमध्ये गेले, सप्टेंबर २०२२ मध्ये ११ पैकी ८. अशा आमदाराचं जुनं मत काढून आरोप करायचा असेल तर त्या दिवशी तो कोणत्या पक्षादेशाखाली होता ते आधी लिहा. उत्तर देणाऱ्यानेही "तेव्हा आदेश होता" एवढ्यावर सुटू नये. आदेशाआधी पक्षाच्या बैठकीत त्याने काय मांडलं, भाषणात काय बोलला, हे त्याला दाखवता आलं पाहिजे.

बार्देसकार

गोव्याचा विषय निघालाच आहे तर एक युद्धकाळातलं मत आपल्याबद्दलच झालेलं आहे, आणि नोंद वाचायला शिकण्यासाठी ते फार चांगलं आहे. १८ डिसेंबर १९६१, भारतीय सेना गोव्यात शिरलेली, न्यूयॉर्कमध्ये सुरक्षा परिषद बसलेली. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स आणि तुर्कस्तान यांचा ठराव: युद्ध थांबवा, भारताने सैन्य मागे घ्यावं. बाजूने ७: हे चार, शिवाय चिली, इक्वेडोर आणि तैवानचं चीन सरकार. विरोधात ४: सोव्हिएत संघ, सिलोन (आजचा श्रीलंका), लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताक. परिषदेत तेव्हा ११ सदस्य होते आणि ठरावाला ७ मतं पुरत होती. तरी तो पडला, कारण चारांपैकी सोव्हिएत संघाकडे नकाराधिकार होता.

त्याच बैठकीत उलटा ठरावही आला: पोर्तुगालची तक्रार फेटाळा. त्याला मतं ४ विरुद्ध ७, म्हणजे तीच माणसं आरशात. आता कुणी लिहिलं की "सिलोनने गोव्याच्या प्रश्नावर विरोधात मत दिलं", तर पहिल्या ठरावापुरतं ते अक्षरशः खरं आणि अर्थाने पूर्ण उलटं. कोणता ठराव, ते सांगितल्याशिवाय "बाजूने" आणि "विरोधात" या शब्दांना काही अर्थ उरत नाही.

सासष्टीकार

मग एखाद्या आरोपाची खातरजमा करायची तर क्रम काय ठेवावा? थोडक्यात सांगा.

म्हादईकाठ

आधी तारीख, आणि त्या दिवशी तो माणूस त्या सभागृहाचा सदस्य होता का ते. हेन्री आणि लिंकन यांची गफलत इथेच पकडली जाते, आणि अर्धे आरोप इथेच गळतात. मग सभागृहासमोर ठेवलेला प्रश्न शब्दशः: विधेयक, उपसूचना, की उपसूचना बाजूला ठेवण्याचा प्रस्ताव. मग मत नाववार झालं की आवाजी. नाववार असेल तर यादी मूळ जागी बघा. अमेरिकन सिनेटच्या याद्या १९८९ पासूनच्या तिच्या संकेतस्थळावर आहेत, प्रतिनिधिगृहाच्या १९९० पासूनच्या. लोकसभेची विभागणी वादविवादाच्या छापील खंडात "हो" आणि "नाही" अशा नावांच्या याद्यांसह असते आणि जुने खंड संसदेच्या डिजिटल ग्रंथालयात मिळतात. शेवटी त्याच विषयावरची त्याच आठवड्यातली बाकीची मतं. एकटं मत क्वचितच पूर्ण गोष्ट सांगतं. लेव्हिन आणि बर्ड यांच्या उपसूचनांवरून ते दिसलंच.

काणकोणकार

आणि पर्वरीत, आपल्या गोवा विधानसभेत, आवाजी मतदानाने निकाल लागला तर?

म्हादईकाठ

तर पुढे कुणाला जाब विचारायला कागद नाही. उपाय सभागृहातच आहे आणि तो निकाल जाहीर व्हायच्या क्षणी करावा लागतो. सदस्याने उठून आवाजी निकालाला हरकत घ्यायची आणि विभागणी मागायची. शुक्रवारी खासगी सदस्यांचे ठराव येतात, तेव्हा ज्या आमदाराचा ठराव आहे त्याला आदल्या दिवशी मतदारांनी फोन करून एवढंच सांगावं: "ठराव मागे घेऊ नका, विभागणी मागा." आश्वासनावर ठराव मागे घेतला की मतच होत नाही, आणि दहा वर्षांनी "मी तर बाजूने होतो" असं चाळीसच्या चाळीस जण म्हणू शकतात.